एक्केचाळीस फाइलींवरचं नाव

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात येऊन तृप्ती बाविस्करचं ऑनलाइन केंद्र कुठे आहे असं विचारलंत, तर पत्ता सांगायच्या आधी समोरचा माणूस तुम्हालाच विचारेल, "नावात गडबड आहे का?" लोक तिच्याकडे त्याच कामाला येतात. आधारवर एक नाव, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीवर दुसरं, जमिनीच्या खसऱ्यावर बापाच्या जागी आजा. तहसीलीत चार चकरा मारून हात टेकलेला माणूस शेवटी हिच्या काउंटरवर कागदांची पिशवी रिकामी करतो. तृप्ती चष्मा वर ढकलते, कागद पसरते आणि एकच विचारते, "हे सगळ्यात आधी कोणी लिहिलं?" त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीचं काम सुतासारखं सरळ होतं, असं तिचं म्हणणं. आणि बाई म्हणते ते खरं करून दाखवते, म्हणून तिच्या तोंडाच्या पट्ट्याकडे कोणी फार लक्ष देत नाही.

वय छत्तीस. वडील काशिनाथ बाविस्कर खानदेशातून नेपानगरच्या कागद मिलमध्ये आले, तिथेच निवृत्त झाले आणि आता बुऱ्हाणपुरात लेकीच्या केंद्रात बसून गिऱ्हाइकांना टोकन वाटतात. मिलमध्ये त्यांचं काम रद्दी निवडायचं होतं. टाचण्या, प्लास्टिक, डिंकाच्या पट्ट्या वेचून काढायच्या, कारण एक तुकडा लगद्यात गेला तरी अख्खं रीळ वाया. मुलीचा स्वभाव कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

आता तिचं दुसरं काम सांगतो, ते गल्लीत कोणालाच नीट माहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी केंद्रातल्या संगणकात व्हायरस शिरला आणि चारशे लोकांचे स्कॅन केलेले कागद गेले. त्यावर विंडोज होतं, तेही चोरीचं. दुरुस्तीवाल्याने वैतागून लिनक्स घालून दिलं. फुकट, खुलं, ज्याला हवं त्याने उघडून बघावं असं. तृप्तीला ते इतकं पटलं की वर्षभरात ती ते बनवणाऱ्यांत जाऊन बसली. लिनक्सची वेगवेगळी वितरणं असतात. एकेका वितरणात हजारो प्रोग्रॅम नीट बांधून, तपासून ठेवलेले असतात. एका आज्ञेत ते तुमच्या संगणकावर येतात. ही बांधाबांध जगभरातली माणसं घरबसल्या, बिनपगारी करतात. तृप्ती त्यांच्यातली एक.

त्यातही तिचा प्रांत परवान्यांचा. प्रोग्रॅम कितीही चांगला असो, तो ज्याने लिहिला त्याने "वापरा, बदला, वाटा" अशी लेखी परवानगी दिलेली नसेल तर वितरणात त्याला जागा नाही. एकेक फाइल उघडायची, लेखक कोण, परवानगी काय, कोणाचा फोटो, कोणाचा फॉन्ट, सगळं तपासायचं. बाकीच्यांना हा डोक्याला ताप वाटतो. तृप्तीला वाटत नाही. दिवसभर ती दुसरं करते काय? एकदा तिने एक चांगला नावाजलेला खेळ अडवून धरला होता, कारण त्यातल्या कोंबडीचा आवाज कोणाकडून घेतला ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यावर त्रेसष्ट पत्रांचं भांडण झालं. शेवटी खेळवाल्यांनी दुसऱ्या कोंबडीचा आवाज स्वतः रेकॉर्ड करून दिला. तेव्हापासून परवान्याचं घोडं कुठे अडलं की वितरणाच्या ईमेल-यादीवर लोक लिहितात, तृप्तीला विचारा.

अशा बाईने यंदा पहिल्यांदा स्वतःच्या मातीतला प्रोग्रॅम हाती घेतला होता. त्याचं नाव पाणीपाळी. केळीची लागण कधीची, जमीन कसली, ऊन किती, थंडी किती हे भरलं की आज ठिबक किती तास चालवायचं ते तो सांगायचा. जवळच्याच शाहपूरच्या मोहित महाजनने तो इंटरनेटवर टाकून ठेवला होता. तिकडच्या दहा-बारा जणांनी तो दोन हंगाम वापरून पाहिला होता आणि पाण्याची, विजेची बचत बघून ते खूश होते. शाहपूरकडच्या शाळांमध्ये आणि सेवा केंद्रांत याच वितरणाचे संगणक आहेत. वितरणाची नवी आवृत्ती निघाली की डिस्क येते आणि त्यावर जे असेल ते गावोगाव जातं. पाणीपाळी त्या डिस्कवर जायला हवं होतं. नवे प्रोग्रॅम घ्यायचा दरवाजा मंगळवारी संध्याकाळी बंद होणार होता. राहिलं तर पुढची आवृत्ती दोन वर्षांनी.

शुक्रवारी सकाळी तृप्तीने तपासणीची यादी काढली तेव्हा चार दोष होते. फॉन्ट बिनपरवान्याचा होता, तो काढून खुला घातला. पानावरच्या रोगाचा फोटो कुठल्याशा रोपवाल्याच्या कॅलेंडरवरून उचललेला होता, तिने मोहितला फोन करून सांगितलं, "तुमच्या मळ्यात रोगट पान नाही असं सांगू नका, मोबाईल घेऊन जा आणि काढा." तासाभरात फोटो आला. तिसरा दोष परवान्याचा. परवाना म्हणून एकच ओळ होती, "शेतकऱ्यांनी फुकट वापरावं, व्यापाऱ्यांनी वापरू नये." वितरणाचा नियम असा की वापरणाऱ्यांत भेद करायचा नाही. सगळ्यांना द्यायचं, नाहीतर देऊ नये. तेही बदलता आलं असतं, लेखकाने हो म्हटलं की झालं.

घोडं अडलं चौथ्यावर. एक्केचाळीस फाइली आणि प्रत्येकीच्या कपाळावर एकच नाव: कॉपीराइट भिकन महाजन. भिकन महाजन म्हणजे मोहितचे वडील. वितरणाचे तपासनीस, दूर कुठल्या थंड देशात बसलेले एक शांत गृहस्थ, त्यांनी विचारलं होतं की हे भिकन कोण? कामाच्या नोंदींत त्यांची एकही ओळ नाही. सगळ्या नोंदी मोहितच्या खात्यावरून आहेत. परवाना बदलायला खऱ्या लेखकाची संमती लागेल, तीही त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून.

तृप्ती फोनवर मोहितला म्हणाली, "अण्णांनी लिहिलंय का हे?"

"दीदी, अण्णा तो टीव्हीचा रिमोट पण उलटा धरतात."

"मग त्यांचं नाव कशाला?"

मोहितला प्रश्नच कळला नाही. "घरातलं सगळं त्यांच्याच नावावर असतं ना," तो म्हणाला.

शनिवारी केंद्र वडिलांवर सोपवून ती स्कूटीने शाहपूरला गेली. महाजनांचं घर मळ्याला लागूनच. ओसरीत भिकनकाका खाटेवर बसले होते, साठी ओलांडलेला, सरळ पाठीचा माणूस. मोहितने लॅपटॉप आणला. तृप्तीने मुद्दामच एक कठीण जागा काढली आणि विचारलं, "इथे थंडी वाढली की पाणी कमी होतं. पण या एका अटीत कमी होत नाही. का?"

मोहितने मान खाजवली. मग तो आतल्या दाराकडे बघायला लागला. तृप्तीही बघायला लागली. दारात मोहितची बायको हिमानी उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन.

"झाड निसवत असेल तर कमी करायचं नाही," हिमानी म्हणाली. "थंडीत एक तर घड बाहेर पडायला जड जातो, त्यात पाणी तोडलं तर गळ्यातच अडकतो. म्हणून ती अट. पहिल्या वर्षी मी नव्हती घातली, शेजारच्या कौतिकबाबांच्या मृगबागेत, पावसाच्या तोंडावर लावलेल्या केळीत, तीस झाडं अडकली."

आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर कोणाला काय विचारायचं राहतं? हिमानी खंडव्याची, बीसीए झालेली. दुपारी कामं आटोपली की मोहितचा लॅपटॉप घेऊन बसायची. दोन वर्षं बसली. मळ्यातलं तिला सासऱ्यांनी सांगितलं, बाकी सगळं तिचं. मोहितने ते नेटवर चढवायचं काम केलं. आणि प्रत्येक फाइलीवर सासऱ्यांचं नाव तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं.

"असंच असतं ना," ती म्हणाली. "ट्रॅक्टर त्यांच्या नावावर, मोटर त्यांच्या नावावर. मी वेगळं कसं घालणार?"

तृप्ती आठ वर्षं जगभरचे परवाने तपासत होती. लोकांनी लेखकाचं नाव चोरलेलं तिने पाहिलं होतं, विसरलेलं पाहिलं होतं, मुद्दाम पुसलेलं पाहिलं होतं. मान म्हणून घरातल्या मोठ्याला देऊन टाकलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तिला रागही आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही दाबायला तिने तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

मोहित म्हणाला, "टेन्शन मत लो, दीदी. एक कागद करून टाकू. हिमानीने अण्णांना दिलं, असा. नोटरीचा शिक्का मारू. मग अण्णा सही करतील. तुम्ही तर रोज असे कागद करता."

खोटं कशाला सांगू, तृप्ती क्षणभर थांबली. कागद झाला असता. तपासनिसांनी तो मान्यही केला असता, हक्क देता येतात. मंगळवार गाठता आला असता. पण एका कोंबडीच्या आवाजासाठी तिने परक्या माणसांना महिनाभर पळवलं होतं. आपल्या गावचं काम आलं म्हणून डोळ्यावर कातडं ओढायचं, हे तिच्याने होईना.

"मालक म्हणून कोणाचंही नाव घालता येईल," ती म्हणाली. "पण लिहिलं कोणी या रकान्यात हिचंच नाव जाईल. तिथे मी दुसरं घालणार नाही. मला विचारलं तर मालकही हीच."

 आता भिकनकाका खाटेवरून पुढे सरकले. "बाई, मले एक सांग. माझं नाव काढून हिचं घातलं, आन् उद्या कोणाचा बाग बसला याच्यामुळं, तर तो कोणाच्या दारात येईल?"

तृप्तीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस नाव सोडायला तयार नव्हता ते हावरेपणाने नाही, हे तिच्या लक्षात आलं. ते पुढे बोलतच होते. "गावातल्या वामनच्या पोराच्या नावावर बोअर होता. भांडण झालं, नोटीस पोराले आली. एकवीस वर्षांचं पोरगं कोर्टात उभं राह्यलं. तेव्हाच ठरवलं, आपल्या घरात जे येईल ते माझ्या नावानं येईल. शिव्या पण माझ्या नावानं. सूनबाईच्या नावानं नोटीस आलेली मले चालणार नाही."

तृप्तीने लॅपटॉपवर खुल्या परवान्यांपैकी एक उघडला, त्यातला शेवटाकडचा भाग काढला आणि सावकाश मराठीत सांगितला. हा प्रोग्रॅम आहे तसा दिला आहे. याची कसलीही हमी नाही. वापरून नुकसान झालं तर लिहिणाऱ्याची जबाबदारी नाही.

भिकनकाकांनी तो भाग दोनदा सांगायला लावला. "असं लिहिलं तर चालतं?"

"अख्खं जग याच्यावर चालतं, काका. मोठमोठ्या कंपन्या हे वाचून वापरतात. लिहिणाऱ्याच्या अंगावर काही येऊ नये म्हणूनच हे लिहिलेलं असतं."

"मग इतकी वर्षं मी कशाले नाव अडकवून बसलो?" काका म्हणाले. मोहित हसला, काकांनी त्याच्याकडे एक नजर टाकली तसं त्याने हसू आवरलं. "ठीक आहे. काढा माझं नाव. हिचं घाला."

तृप्तीला वाटलं, चला, जमलं. तिने बॅगेतून वही काढली आणि संमतीचा मजकूर हिमानीपुढे धरला. "आता फक्त ती व्यापाऱ्यांची ओळ काढायची आणि त्याजागी हा परवाना घालायचा. लेखक म्हणून तुम्ही हो म्हणा."

"नाही," हिमानी म्हणाली.

ओसरीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. तीही जरा दचकली, पण मागे हटली नाही. ती ओळ भिकनकाकांची नव्हती, मोहितचीही नव्हती. तिनेच लिहिली होती. "ताई, आमच्याकडे ठिबकवाला येतो. नळ्या विकतो. त्याने माझं काम उचललं, वर स्वतःचा रंग लावला आणि शेतकऱ्याकडून दर साल पैसे घ्यायला लागला, तर? मी दोन वर्षं त्याच्यासाठी बसली का? आधी मला वाटायचं, नाव अण्णांचं आहे, ते बघतील. आता माझं आहे ना? मग मी नाही म्हणते."

तृप्तीच्या तोंडचं पाणी पळालं. आणि खरं सांगायचं तर मनातून तिला बरंही वाटलं. खरा लेखक शोधायचा म्हणजे असंच होणार. त्याला स्वतःचं मत असतं. मत नसलेला लेखक हवा असता तर नोटरीचा कागदच बरा होता. पण मंगळवार काही थांबणार नव्हता, आणि ती ओळ राहिली तर पाणीपाळी बाहेर.

तिने वही मिटली. जोर करून हो म्हणायला लावणं तिला जमलं असतं, तिची जीभ तेवढी तिखट आहे. तिने तसं केलं नाही. "भेद करणारी ओळ मी घेऊ शकत नाही," ती म्हणाली, "आणि तुमची भीती खोटी आहे असंही म्हणणार नाही. दुसरा एक परवाना आहे. त्यात ठिबकवाल्याला वापरता येतं, विकताही येतं. पण त्याने जे बदललं ते सगळं ज्याला विकलं त्याला उघडं करून द्यावं लागतं. आणि घेणाऱ्याने ते पुढे फुकट वाटलं तर त्याला अडवता येत नाही."

हिमानी विचार करायला लागली. तिने तो परवाना लॅपटॉपवर मागून घेतला आणि ओसरीच्या पायरीवर बसून वाचला. सगळा वाचला. मध्ये मथुराबाई, तिच्या सासूबाई, चहा ठेवून गेल्या, तो तसाच राहिला. मोहितने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, भिकनकाकांनी दोन्ही वेळा हातानेच थांबवलं.

"समजा त्याने जमिनीतला ओलावा मोजायचं यंत्र जोडलं," हिमानी शेवटी म्हणाली, "आणि त्यासाठी माझ्या कोडमध्ये भर घातली. तर ती भर ज्याने यंत्र घेतलं त्याला मिळणार?"

"मिळणार. आणि त्याच्याकडून तुम्हाला."

"म्हणजे कौतिकबाबांनी घेतलं तर मी त्यांच्याकडून घेऊन बघू शकते, त्याने काय केलंय ते."

"बघू शकता, वापरू शकता. तो लपवायला लागला तर परवाना त्याच्याकडून जातो."

"मग त्याला विकू दे," हिमानी म्हणाली. "त्याने भर घातली तर ती आपल्याला पण मिळेल."

एक्केचाळीस फाइलींवरचं नाव बदलायला एक आज्ञा पुरते, पण तृप्तीने ती दिली नाही. तिने लॅपटॉप हिमानीकडे सरकवला. हिमानीने आज्ञा लिहिली. वर्ष, मग स्वतःचं नाव. भिकनकाकांचं नाव पूर्ण जावं असं मात्र तिला वाटत नव्हतं, तर तृप्तीने सांगितलं की आभार मानायची वेगळी फाइल असते. तिथे लिहिलं गेलं: केळीचं सगळं ज्ञान भिकन महाजन यांचं.

राहिलं होतं संमतीचं पत्र. ते लेखकाच्या स्वतःच्या पत्त्यावरून जायला हवं होतं आणि हिमानीला स्वतःचा ईमेलच नव्हता. बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे मोहितचा. तिचा नवा काढायला बसले तर सहा आकडी ओटीपी गेला भिकनकाकांच्या फोनवर, कारण हिमानीच्या नंबरचं सिमही त्यांच्याच फोनमध्ये घातलेलं. काकांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले आणि एकेक आकडा सुनेला वाचून दाखवला. एक चुकला, पुन्हा वाचला.

मग हिमानी पत्र लिहायला बसली. तपासनीस इंग्रजीत वाचणार, म्हणून तिने इंग्रजीतच लिहिलं. पाच ओळी. पहिली ओळ तिने तीनदा खोडून पुन्हा लिहिली. तृप्ती मदतीला गेली नाही.

"काय लिहिलंस?" भिकनकाकांनी विचारलं.

"संमती, अण्णा."

"आपल्या भाषेत वाचून दाखव. मोठ्यानं."

हिमानी सासऱ्यांसमोर मोठ्याने बोलणारी नव्हती. आजच ती जेवढं बोलली तेवढं सहा वर्षांत बोलली नसेल. तिने एकदा मथुराबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी येऊन उभ्या होत्या. मग तिने स्क्रीनवर बघत वाचलं. "हा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. सगळा मीच लिहिला आहे. याआधी फाइलींवर जे नाव होतं ते मी आदराने घातलं होतं, ते लेखकाचं नव्हतं. हा प्रोग्रॅम कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा, याला माझी संमती आहे. हिमानी महाजन, शाहपूर."

"हां," भिकनकाका म्हणाले. "पाठव."

शनिवार-रविवार तपासनीस गप्प होते, त्यांनाही घरदार असेल. तृप्तीने रविवारी दहा वेळा पत्रपेटी उघडली आणि वडिलांनी तिला अकराव्यांदा उघडताना पकडलं. सोमवारी दुपारी ती पुन्हा शाहपूरला गेली. तसं काम काही नव्हतं, पण केंद्रात बसवेना. उत्तर आलं ते तिच्याकडे नाही, थेट हिमानीच्या नव्या पत्त्यावर. हिमानी तेव्हा मळ्यातून येत होती. तिने हात पुसले, ओसरीत उभ्या उभ्याच ते वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

भिकनकाका खाटेवरून म्हणाले, "काय म्हणतात?"

"घेतलं म्हणतात, अण्णा. डिस्कवर जाईल."

"कोणाचं घेतलं?"

"माझं," हिमानी म्हणाली.